परसोचा आरसा

कुसुमच्या गाडीच्या डिकीत बॅग ठेवताना मला तो डबा दिसला. नानकटाईचा, पुठ्ठ्याचा, वरून आडवा-उभा दोरा बांधलेला. "कुणासाठी गं?" मी विचारलं. "असंच. असू दे गाडीत, कुणाला द्यायला लागतंच," कुसुम म्हणाली आणि तिनं डिकी जरा जास्तच जोरात लावली. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

मी संशयी बाई आहे. लपवून काय करायचं, दूधवाल्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. मेथीची जुडी मी सोडून बघते. दुकानदारानं 'ताई, आतलाच माल आहे' म्हटलं की मी बाहेरचा मागते. डॉक्टर 'काही झालेलं नाही' म्हणाले तर हे काहीतरी लपवतायत असं समजून दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. आईच्या पाटल्या वहिनीला गेल्या आणि आईचा हा स्वभाव माझ्या वाट्याला आला.

कुसुम माझी छावणीतली शाळासोबतीण. बिडकीनकडच्या शेतकऱ्याची पोर, शाळेसाठी मामाकडे, शहरातल्या छावणी भागात राहायची. पुढं मास्तरीण झाली, निवृत्त झाल्यावर गाडी शिकली, आणि शाळेच्या ग्रुपवर मी सापडल्यापासून फोन करकरून माझं डोकं खात होती. "ये की बाई एकदा! पैठण दाखवते, अजिंठा दाखवते, मकबरा, लेणी, सगळं फिरवते. तुझंच गाव हाय की." शेवटी मी नागपूरहून समृद्धी महामार्गावरून आले. पाटीवर छत्रपती संभाजीनगर वाचलं आणि तोंडातून औरंगाबाद निघालं.

आम्ही तिघी होतो. तिसरी सुलताना, आमच्या शेजारची. फोनवर कुसुमनं तिचं नाव काढलं नव्हतं, मीही नाही. कारण कुसुमला माहीत होतं, आमच्या घरात ते नाव कसं घेतलं जायचं. सुलतानाच्या घरच्यांनी माझ्या बाबांचा आरसा ढापला, हे ऐकत मी मोठी झाले. बाबांचा फोटो आमच्याकडे नाही. कपडे वाटून टाकले. तेवढा एक आरसा राहायचा, तोही राहिला नाही. त्यामुळं आता कुसुम मला फिरवणार म्हणजे कुठल्या तरी खांबामागून सुलताना निघणार, आणि मग गळ्यात पडा, रडा, झालं गेलं विसरा, हा सगळा बेत मला त्या डब्यावरच्या दोऱ्यात दिसायला लागला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पहिल्या दिवशी पैठण. बिडकीनच्या अलीकडं रस्ता एकदम रुंद झाला, दोन्हीकडं दिव्यांचे खांब, मोकळे प्लॉट, कंपन्यांच्या पाट्या. "इथं आमची विहीर हुती," कुसुम म्हणाली. गाडी थांबवली नाही, मानही वळवली नाही. "त्या खांबापाशी. मोटंचं पाणी पाटातून यायचं, त्यात आम्ही गाजरं धुवायचो." मी विचारलं, वाईट नाही का वाटत? "वाटतंय की. पण रोज ह्याच रस्त्यानं जायचं तर रोज कुठं वाटून घेऊ?" हे ती मला तर सुनावत नाही ना, असा विचार माझ्या मनात आलाच.

पैठणच्या संग्रहालयात दुपारी आम्ही दोघीच होतो. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या, मणी, रांजणांची तोंडं. एका काचेच्या पेटीत हिरवी पडलेली तांब्याची गोल चकती होती. खाली चिठ्ठी: आरसा. मी मान वर केली तर कुसुम पलीकडच्या बाजूनं, त्याच पेटीच्या काचेतून, माझ्याकडं बघत होती.

"ह्याच्यात कुणाचं तोंड दिसत असंल गं?" ती म्हणाली.

"कुणाचं नाही. आधी चिंचेनं घासायला पाहिजे," मी म्हणाले आणि पुढच्या पेटीकडं गेले. पण पुढच्या पेटीत काय होतं ते आता विचाराल तर सांगता येणार नाही.

आमचा आरसा काचेचा होता. छावणीतल्या कुठल्या साहेबाच्या मोडक्या कपाटाचं दार होतं ते. बाबांनी ते भंगारात जाण्याआधी उचललं, सागाची चौकट तासून घेतली, दोन्ही बाजूंना लोखंडी मुठी ठोकल्या. खालच्या कोपऱ्याजवळ पारा उडून जुन्या रुपयाएवढा डाग पडला होता. त्या आरशासमोर उभं राहून आमच्या घरात कुणी केस विंचरले नाहीत. तो कामाचा आरसा होता.

बुद्ध लेण्यांत तेव्हा आत दिवे नव्हते. मकबऱ्यामागच्या डोंगरात, पायऱ्या चढून गेलं की लेण्याबाहेर खडकावर बाबा आरसा घेऊन बसायचे. ऊन आरशावर घ्यायचे आणि दारातून आत सोडायचे. आत अंधारात यासीनचाचा, म्हणजे सुलतानाचे वडील, पांढरी चादर ताणून उभे असायचे. बाबांनी सोडलेलं ऊन चाचा चादरीवर झेलायचे आणि हवं तिकडं वळवायचे. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली दगडी बाया-माणसं आहेत. काळोखातून आधी त्यांचे अंबाडे उजळायचे, मग माळा, मग जोडलेले हात. बघायला आलेले लोक 'आहाहा' म्हणायचे. बाहेर बाबांना ते 'आहाहा' तेवढं ऐकू यायचं.

कारण बाबांना आतलं काहीच दिसायचं नाही. उन्हात बसलेल्या माणसाला अंधारातलं कसं दिसणार? त्यांना फक्त चाचांचा आवाज. "आने दो, भाईसाब! दाएँ... थोडा और... बस, वहींच!" की बाबांचे हात तिथंच थिजायचे. नाकावर माशी बसली तरी हलायचे नाहीत.

सुट्टीत आम्ही दोघी, मी आणि सुलताना, त्यांच्याबरोबर जायचो. कुसुमला मामा सोडायचा नाही. तापलेल्या दगडाचा वास, वाळलेल्या गवताचा, आतून येणारा वटवाघळांचा उग्र वास, आणि मध्येच चादरीला लावलेल्या निळीचा. चाचांच्या खिशात फुटाणे असायचे, त्यांना तंबाखूचा वास लागलेला असायचा, तरी आम्ही खायचो. सीताफळाच्या दिवसांत डोंगरातून वर येणाऱ्या बाया टोपल्या उतरवून सावलीला टेकायच्या आणि एखादं उललेलं फळ आमच्या हातावर ठेवायच्या. थंडीत बाबा खालच्या पायरीपर्यंत सरकायचे, उन्हाळ्यात मुठी इतक्या तापायच्या की ते हाताला गोणपाट गुंडाळायचे. आणि पावसाळा म्हणजे काम बंद. घरात कोपऱ्यात आरसा, दारात बाबा, डोकं बाहेर काढून ढगांकडं बघत बसलेले. "आज बी सूर्य रजेवर," म्हणायचे.

लोक निघून गेले की बाबा हाक मारायचे, "या गं पोरींनो, तीट लावून घ्या." आम्ही दारात पाठीला पाठ लावून बसायचो. बाबा आरसा आमच्या तोंडावर मारायचे. उन्हाच्या त्या चौकोनात आरशाच्या डागाची सावली असायची, काळसर, गोल. आत लांबवर गेलं की ती पुसट व्हायची, जवळ असलं की मात्र स्पष्ट दिसायची. ती सावली बाबा नेमकी गालावर आणून ठेवायचे. मला डाव्या गालावर, सुलतानाला उजव्या. "घ्या, लागली तीट. आता कुणाची माय व्याली तुम्हाला नजर लावायला!" डोळे मिटून घ्यावे लागायचे, पापण्यांच्या आत सगळं लाल व्हायचं, गाल ऊन व्हायचा. पण तीट नेमकी लागली की नाही, हे ज्याचं त्याला कधी कळायचं नाही. दुसरीनं मागं वळून बघून सांगायचं. सुलताना कधीकधी मुद्दाम म्हणायची, "नै लगी, नाक पे पडी," आणि मी चिडून रडायला लागायचे. चिडकी हे नाव तिनंच ठेवलेलं.

मग एका हिवाळ्यात बाबा खोकायला लागले, आणि हिवाळा संपायच्या आत ते नव्हते.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. घरात पांढऱ्या साड्यांची गर्दी, मेणबत्त्यांचा वास, कुणीतरी माझ्या हातात दिलेला केळ्याचा अर्धा तुकडा. नागपूरहून मामा आलेला. आठवडा उलटून गेला आणि आईच्या ध्यानात आलं की कोपऱ्यात आरसा नाही. तशीच ती शेजारी गेली, मी पदराला धरून मागं. सुलतानाची अम्मी दारात भांडी घासत होती. आईनं विचारलं. चाची हात पुसत उठली आणि म्हणाली, "आरसा? वो तो भाईसाब खुद दिए ना इनकू. परसोच दिए."

आई नागपूरची. तिचं हिंदी नागपूरचं. ती तिथंच दारात कडाडली, "अवो, माणूस जाऊन आठवडा उलटला अन् तू सांगून राहिली परसो दिला? परवा काय तो वरून उतरून आरसा देऊन गेला का?" चाची काहीतरी बोलायला गेली, आईनं ऐकलं नाही. पुढच्या आठवडी बाजाराच्या आधी आम्ही छावणी सोडली. मामानं ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. सुलताना दारात उभी होती. तिनं हात केला नाही, मीही केला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात 'परसोचा आरसा' म्हणजे थाप. दूधवाला म्हणाला, माप भरून दिलंय, की आई म्हणायची, "हो, परसोचा आरसा!" भावाला शाळेतून यायला उशीर झाला, कारण सांगितलं, की परसोचा आरसा. माझ्या लग्नाच्या बोलणीत समोरच्यांनी मुलाच्या पगाराचं सांगितलं तेव्हा आईनं माझ्याकडं बघून ओठ मुडपले, मला कळलं काय म्हणायचंय ते. आई गेली तरी तो शब्द राहिला. मी तो माझ्या मुलांना दिला. त्यांना वाटतं, मराठीत ही म्हणायची पद्धतच आहे.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला निघालो. सिल्लोडला कुसुमनं चहासाठी गाडी बाजूला घेतली. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी. मालक पांढऱ्या दाढीचे, कानावर पेन्सिल. समोर रुंद रस्ता, कापसाच्या गाड्या, धूळ.

"चाचा, हितं वडाची झाडं हुती ना ओ मोठमोठी?" कुसुमनं विचारलं.

"हौ बाई. ये बडे बडे झाडाँ थे. इधर बैठे तो दोपहर में ठंड लगती थी. रोड के वास्ते परसोच तो कटे."

परसोच. माझे कान टवकारले. मी समोर बघितलं. झाडं जिथं असतील म्हणत होते तिथं एका आडत्याचं दुकान होतं. पाटीचा रंग उडालेला, शटर खालून गंजून जाळीदार झालेलं, भिंतीच्या भेगेतून पिंपळ माझ्या उंचीएवढा वर आलेला. मी कुसुमच्या कानाशी लागले, "थापा मारतोय हा. परवा झाडं तोडली आणि आज तिथं शटरला गंज?"

कुसुमच्या नाकातून चहा आला. खरंच आला. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "अगं येडे! ह्यांचा परसो म्हणजे आपला परवा नव्हं! मागं कवातरी, असं. आठ दिवस झाले तरी परसो, वीस वर्सं झाली तरी परसोच. माझ्या शाळंतली शिपाईण सांगायची, 'मैडम, परसो मेरी शादी हुई तब...' अन् तिचा नातू माझ्याच वर्गात पहिलीला!"

मी कप खाली ठेवला. मालकांना विचारलं, "चाचा, परसो बोले तो कब?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. बाईला एवढं कसं कळत नाही असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "परसो बोले तो परसो. आज नै, कल नै, उसके पीछे का सब परसो."

लहानपणी मीही असंच बोलत असणार की! सुलतानाच्या घरात, गल्लीत, चिंचा पाडताना. नागपूरला गेल्यावर मामाच्या पोरांनी माझ्या बोलण्याची टिंगल केली आणि चार-सहा महिन्यांत ती सगळी बोली पुसून गेली. हौ गेलं, नक्को गेलं, परसो गेला. राहिला तो आईचा परसो.

अजिंठ्याला मी काय बघितलं ते मला विचारू नका. लोक रांगेनं आत जात होते, पिवळसर दिवे होते, कुणी पद्मपाणीपुढं हात जोडत होतं. मी दर लेण्याच्या दारात मागं वळून बाहेरच्या उन्हाकडं बघत होते. बाहेर कुणीही बसलेलं नव्हतं.

परतताना गाडीत मी फुटले. "तू मला मुद्दाम त्या हॉटेलात नेलंस."

"चहा प्यायला नेलं बाई! सकाळी तूच म्हणालीस डोकं दुखतंय."

"झाडांचं मुद्दाम विचारलंस."

"झाडं हुती म्हणून विचारलं. आता झाडं बी मीच तोडली म्हण!"

"आणि डबा कुणासाठी आहे?"

पुढं उसाची ट्रॉली होती, कुसुमनं ती आधी ओलांडली. मग म्हणाली, "तुला म्हायती हाय कुणासाठी. तू येणार हे तिला सांगितलंय मी. तिनं एवढंच विचारलं, अजून चिडकी हाय का? मी म्हणलं, लई."

मला हसू आलं नाही. माझं डोकं वेगळीकडंच चाललं होतं. परसो म्हणजे कधीही, ठीक आहे, मानलं. म्हणजे चाची खोटं बोलली हे सिद्ध होत नाही. पण खरं बोलली हे तरी कुठं सिद्ध होतं? बाबा आम्हाला काही बोलले नव्हते. स्वतःचा आरसा, स्वतः तासलेली चौकट, माणूस असा उचलून देईल? कुसुमला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू वकील व्हायला पायजे हुतीस. उद्या तिलाच विचार." रागानं मी खिडकीबाहेर बघत राहिले. रागात भीतीच जास्त होती, ते मला कळत होतं. आरसा त्यांनी केव्हाच विकून टाकला असेल तर? फुटला असेल तर? संशय होता तोवर आरसा कुठंतरी शाबूत तरी होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेणी चढलो. पायऱ्या आता बांधीव आहेत, कठडा आहे, तिकिटाची खिडकी आहे. बाबांचा खडक ओळखायला मला वेळ लागला, कारण माझ्या आठवणीत तो केवढा तरी मोठा होता. प्रत्यक्षात एक माणूस कसाबसा टेकेल एवढाच. मी त्यावर बसले. ऊन डोळ्यांवर आलं. समोर लेण्याचं दार काळं, आतलं खरंच काही दिसत नव्हतं. कुसुम आत गेली होती. वीज गेली होती, मोबाइलचा दिवा लावून ती त्या गुडघे टेकलेल्या बाया-माणसांना बघत असणार. "ये की आत, काय सुंदर हाय गं!" तिचा आवाज आला. मी म्हणाले, थांब जरा. मला बाबांसारखं बाहेर बसून नुसतं ऐकायचं होतं. गवताचा वास तोच होता. निळीचा नव्हता.

खाली उतरून मकबऱ्यावरून छावणीत आलो. आमचं घर होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आणि वर दोन मजले. शेजारचं दार मात्र तेच, खालून कुजलेलं आणि पत्रा मारलेलं. आत बोळ, बोळाच्या पुढं अंगण, अंगणापलीकडं खोली. सुलताना खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. गुडघे गेलेले, जाड भिंगाचा चष्मा, मेंदी लावलेले केस. आवाज तोच.

"आ गई चिडकी?"

कुसुमनं डबा पुढं केला. सुलतानानं दोरा बघितला, बेकरीचं नाव बघितलं. "ये क्या गे कुसुम, मेरेच मोहल्ले की नानकटाई मेरेकूच?" कुसुम म्हणाली, दुसरं काय आणू, तू गोड खात नायस म्हणतीस आन् ही मात्र खातीस. त्या दोघी हसल्या. त्यांचं येणं-जाणं नेहमीचं होतं, हे मला तेव्हा कळलं आणि थोडं टोचलंही.

मी सरळ विचारलं. आडपडदा मला जमत नाही. "सुलताना, आरसा कुठंय?"

तिनं पलंगामागं बोट दाखवलं. कुसुमनं जाऊन ओढून काढला. तो भिंतीकडं तोंड करून उभा केलेला होता. चौकटीला हिरवा रंग दिलेला, एक मूठ जुनी, एक नवी.

"उलटा का ठेवला?"

"अम्मी बोलते थे, दूसरे की अमानत में अपना मुँह नै देखते," सुलताना म्हणाली. "अब्बू गुफा में बत्तियाँ लगे तब तक लेके जाते थे. बाद में ऐसाच रखे. भेजना था. लेकिन कहाँ भेजते? तुम लोगाँ पता दिए क्या?"

"बाबांनी खरंच दिला होता?"

"हौ. यहींच, इस उंबरे पे बैठे थे. सीढियाँ चढने को होता नै था, साँस फूल रही. बोले, यासीन, तू ले जा, मेरे वास्ते धूप मत रोक." तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. "और तू पूछती आरसा किधर. मैं पूछी क्या कभी, अब्बू की चादर किधर?"

चादर! आयुष्यात एकदाही मला ती आठवली नव्हती. आणि आता एकदम आठवली, ताणलेली, निळीच्या वासाची, बाबांच्या अंगावर. घरात तेवढं मोठं पांढरं कापड दुसरं नव्हतं.

"बाबांच्या अंगावर होती," मी म्हणाले.

"मालूम है. अब्बू खुद ओढाए थे. आरसा तो पहले सेच अब्बू अकेले उठाते थे, अब अंदर भी खाली हाथ जाना. बहुत दिन बिना चादर का काम किए."

कुसुमनं उगाच डब्याचा दोरा सोडला. मला रडू फुटत होतं आणि तरीही, काय करू, माझी नजर आरशावरच होती. खालच्या कोपऱ्यात डाग होता. पण जुन्या आरशांना डाग पडतातच. हिरवा रंग कुणी दिला? नवी मूठ कुणाची? असली दारं छावणीत काय एकाच कपाटाला होती?

सुलतानानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावरचा संशय तोच, हे तिला भिंगाच्या चष्म्यातूनही कळलं असावं. "अब भी शक करती क्या गे?" ती खुर्चीला धरून उठली. "कुसुम, आरसा बाहर ला. और तू बैठ इधर, उंबरे के अंदर."

ती गुडघ्यावर हात टेकत अंगणात गेली. कुसुमनं आरसा पाण्याच्या टाकीवर टेकवून उभा केला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी आत अंधारात, सुलताना बाहेर उन्हात. तिनं दोन्ही मुठी धरल्या. आधी छतावर उजेड नाचला, मग भिंतीवरच्या घड्याळावर, मग एकदम माझ्या डोळ्यांत. मी डोळे मिटले. पापण्यांच्या आत सगळं लाल झालं.

"पडा क्या बराबर?" बाहेरून तिचा आवाज. तिला आतलं दिसत नव्हतं.

"थोडं वर," कुसुम म्हणाली. "इकडं... अजून थोडं... बस, तिथंच!"

गाल ऊन झाला. अंगणात कबुतरं गुटर्गू करत होती. हे मी बाबांनंतर कुणाकडूनही करून घेतलं नव्हतं.

"कुठल्या गालावर?" मी विचारलं. सवय, दुसरं काय!

"डाव्या," कुसुम म्हणाली.

"बाएँ पेच लगाई ना मैं?" सुलताना बाहेरून ओरडली. "दायाँ मेरा है!"

मला काहीच दिसत नव्हतं. माझ्या गालावर काय आहे ते त्या दोघी सांगत होत्या, तेवढंच.

"हात हलवू नको गं सुलताना," मी म्हणाले. "राहू दे जरा वेळ."